पोळपाटावर आलेली जीप : पुगा खोऱ्यातल्या एका मोडतोडीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण 2018 च्या जुलैतलं. जीप साताऱ्याची, मोडली लडाखमध्ये, पुगा खोऱ्याच्या वरच्या अंगाला, साडेचार हजार मीटरच्या आसपास. डाव्या बाजूचा मागचा मेन पाटा तुटला. (पाटे म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, एकावर एक रचून बांधलेल्या; त्यातला मुख्य तो मेन पाटा.) कोणाला इजा झाली नाही, गाडी स्वतःच्या चाकांवर लेहला परत आली. चहाच्या टपरीवर हा किस्सा मी पाच मिनिटांत संपवतो. पण तो तुटलेला पाटा मी घरी आणला होता. आल्यावर उन्हात धरून त्याचं तोंड नीट पाहिलं, तेव्हा कळलं की लडाखमध्ये तो फक्त वेगळा झाला. तुटायला तो आधीच लागला होता, आणि त्याची सोय आम्ही साताऱ्यातच करून ठेवली होती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडीत काय होतं

आम्ही पाच जण, दोन गाड्या. आमच्या जुन्या फोर बाय फोर जीपमध्ये मी, दाजी आणि भाचा. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कोरेगावकडचे, तेव्हा 52 वर्षांचे. दुसरी गाडी इस्लामपूरच्या दोन मित्रांची, नवी, स्प्रिंगांची. आमच्या जीपला मागे पाटे.

तयारी दोन महिने चालली आणि तयारी म्हणजे आमच्या लेखी खरेदी. रोज रात्री कोणीतरी फोन करायचा, 'अरे, ते घेतलंस का?' नाही म्हणायची सोय नव्हती, कारण प्रत्येक वस्तूच्या मागे एक भीती उभी होती. डिझेल संपलं तर? पाणी नाही मिळालं तर? दोन चाकं एकदम पंक्चर झाली तर? प्रत्येक 'तर' साठी एक वस्तू गाडीत चढली. टपावरच्या कॅरिअरवर डिझेलचे 20 लिटरचे तीन लोखंडी कॅन, पाण्याचे दोन, दुसरी स्टेपनी, तंबू, ताडपत्री. आत शिध्याची पेटी, शेगडी, कुकर, अवजारं, उंच जॅक, वाळूत चाकाखाली घालायच्या दोन जाळ्या, छोटा फ्रीज आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी. पुढे लोखंडी बंपर आणि विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र. शिध्याच्या पेटीत दाजींचा बाभळीचा पोळपाट. 'हॉटेलातली रोटी मला पचत न्हाय,' हे त्यांचं कारण.

डिझेलचा हिशेब कागदावर मांडला असता तर तीन कॅन लागलेच नसते. लेह सोडल्यावर तेव्हा शेवटचा पंप कारूला. तिथून मनालीच्या रस्त्याने पुढचा पंप थेट तांडीला. तांडीच्या पंपावर उलट्या दिशेने जाणाऱ्यांसाठी प्रसिद्ध पाटी होती : पुढचा पंप 365 किलोमीटर. त्यात त्सो मोरीरीचा वळसा मिळवला तरी आमचं अंतर साडेपाचशेच्या आत होतं. जीपची टाकी 60 लिटरची आणि घाटात, कच्च्यातही ती लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते. म्हणजे हाताशी एक कॅन पुरे. उरलेले दोन म्हणजे आमच्या मनाच्या समाधानासाठी टपावर ठेवलेलं चाळीस-एक किलो ओझं. पाण्याचंही तेच. लडाख वाळवंट आहे हे खरं, लेहला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैत तेवढा दोन दिवसांत होतो. पण ते बर्फाच्या छायेतलं वाळवंट आहे. उन्हाळ्यात ओढे वाहते असतात. गाळून, उकळून घ्यायची तयारी हवी, बाकी पाणी वाटेत भेटतं.

निघायच्या आधी जीप मागे बसायला लागली. हा पहिला निरोप होता. तो आम्ही ऐकला, पण उलटा. आमच्याकडे ऊस आणि खडी वाहणाऱ्यांची जुनी रीत आहे : माल जास्त, तर पाटा वाढव. मिस्त्रीला सांगितलं, त्याने दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला. गाडी ताठ उभी राहिली. आम्ही खूश. पाट्यांची जुडी एकत्र धरणाऱ्या क्लिपा नव्या जाडीला पुरत नव्हत्या, त्या काढल्या. 'नंतर मोठ्या करून बसवू,' असं ठरलं. ते 'नंतर' कधी आलं नाही, आणि विचारायचं आम्हालाही सुचलं नाही.

चाचणी केली, नाही असं नाही. सज्जनगडाच्या वाटेने ठोसेघर, तिथून चाळकेवाडीचं पठार. पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यांवर धुक्यात तासभर गाडी फिरवली, गरम भजी खाल्ली, परत आलो. गाडी मस्त चालली. चालणारच. ती रिकामी होती.

वर जाताना

सातारा ते लेह, श्रीनगरमार्गे, पावणेतीन हजार किलोमीटरच्या घरात. त्यावर सांगण्यासारखं फार नाही. श्रीनगरमार्गे गेलं की द्रास, कारगिल, फोटू ला असं चढत-उतरत जाता येतं आणि शरीराला सवय होते, म्हणून ती वाट धरली. तो निर्णय बरोबर होता.

चुकलो लेहच्या पुढे. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे दोन रात्री काढल्या, परवाने घेतले आणि तिसऱ्या दिवशी थेट त्सो मोरीरीच्या काठचं करझोक गाठलं, ते साडेचार हजारांच्या थोडं वर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा साधा नियम. आम्ही एका दिवसात हजार चढलो. मधे एक मुक्काम चुमाथांगला, सिंधूकाठी, चार हजारांच्या आसपास करता आला असता. पण रजेचे दिवस मोजून आणले होते.

करझोकला रात्री दाजींचं डोकं दुखायला लागलं. त्यांनी ते सांगितलं नाही. सकाळी चहा अर्धा टाकला, तेव्हा मला संशय यायला हवा होता. चहा टाकणारा माणूस नव्हे तो.

पन्हळी पत्रा

त्या दिवशीचा बेत असा : करझोकहून मागे सुमडोला, तिथून डावीकडे पुगा, मग पोलोकोंगका ला ही जवळजवळ पाच हजार मीटरची खिंड ओलांडून त्सो कारला मुक्काम. पुगात गंधकाचा वास, जमिनीतून निघणारी वाफ, पांढरे क्षार. तिथे अर्धा तास रमलो. चांगपा लोकांचे तंबू होते, शेळ्या होत्या. आपल्याकडे माण-खटावचे मेंढपाळ वाडा घेऊन फिरतात, तोच प्रकार, फक्त थंडी निराळी. एका कुटुंबाचा सगळा संसार एका लहान टेम्पोत मावलेला दिसला. आमच्या टपाकडे ती बाई बराच वेळ बघत होती.

पुगाच्या पुढचा रस्ता तेव्हा कच्चा होता आणि छपरावरच्या पन्हळी पत्र्यासारखा, आडव्या बारीक वरंब्यांचा. असा रस्ता गाड्यांच्या चाकांनीच तयार होतो. सुकी सैल माती, वारंवार तोच वेग, की चाक उडी मारून पुढे आपटतं आणि वरंबे वाढत जातात. त्यावर वीस-पंचवीसने गेलं की दात वाजतात. पन्नासच्या पुढे गेलं की गाडी माथ्यांवरून तरंगते, बरं वाटतं. आम्ही तरंगत होतो. आपल्याला आत बरं वाटत असतं तेव्हा खाली पाटे आणि शॉकअप सेकंदाला कितीतरी वेळा हाणले जात असतात.

त्यात हवा. साताऱ्यात वजन जास्त म्हणून मागच्या चाकांत 38 पीएसआय भरली होती. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे तीच हवा गेजवर सुमारे पाचने जास्त दाखवते आणि टायर तितका कडक होतो. अशा रस्त्याला हवा उतरवायची असते. पंचवीसच्या आसपास आणली तर अर्धा मार टायरच खातो. हे मला ठाऊक होतं. पण उतरवलेली हवा पुन्हा भरायला कॉम्प्रेसर लागतो आणि कॉम्प्रेसर शिध्याच्या पेटीखाली, फ्रीजच्या मागे होता. तो काढायचा म्हणजे अर्धी गाडी रिकामी करायची. 'जाऊ दे, थोडंच राहिलंय,' असं म्हणालो. हे वाक्य माझंच, दुसऱ्या कोणाचं नाही.

बाराच्या सुमारास बैलगाडीचं जू मोडावं तसा काडकन आवाज झाला. गाडी डावीकडे बसली आणि चालायला लागली ती तिरकी. मागून जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहिलं : पुढच्या डोळ्यापासून, म्हणजे पाट्याच्या वळवलेल्या टोकापासून, वीतभर अंतरावर मेन पाटा तुटलेला, ॲक्सल त्या बाजूने मागे सरकलेला आणि टायर मडगार्डला घासतोय. पाट्यांच्या गाडीत पाटा नुसतं वजन झेलत नाही, मागचा ॲक्सल जागेवर धरून ठेवायचं कामही त्याचंच. तो गेला की त्या बाजूच्या चाकाला धनीच राहत नाही.

अडीच तास

पहिली चूक हातघाईची. सामानासकट गाडी उचलायला गेलो. उंच जॅक सुक्या मातीत रुतला, कलला आणि गाडी हातभर घसरून परत बसली. भाच्याचा हात एक क्षण आधीच बाजूला झाला होता म्हणून. आजही तेवढा भाग आठवला की पोटात कालवतं.

मग वाद. एक बाजू म्हणत होती, खिंड समोरच आहे, हळूहळू ओलांडू, पलीकडे डेब्रिंगला मनालीचा रस्ता लागतो, ट्रक भेटतील. दुसरी म्हणत होती, इथेच तंबू ठोकू, सकाळी निवांत दुरुस्ती करू. मी दुसऱ्या बाजूला होतो. पाणी होतं, शिधा होता, ऊन होतं. एवढं सगळं आणलंय कशासाठी, असाही सूर त्यात होता.

त्यातच दाजी दगडाआड जाऊन ओकून आले.

'काय दाजी, कधीपासून?'

'रात्रीपासनं डोकं धरलंय. म्हटलं, तुम्हा पोरांचा इरस कशाला करायचा.'

मातीत सरळ रेघ ओढली आणि टाचेला बोट लावत त्यांना चालायला लावलं. चालले. तोल गेला असता तर ते मेंदूवर सूज आल्याचं लक्षण आणि मग मिनिटामिनिटाचा प्रश्न. पण डोकेदुखी आणि उलटी एवढंही पुरे होतं. त्या उंचीवर श्वासातला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी. अशा माणसाला वर न्यायचं नाही, आणि बरं वाटेपर्यंत तिथेच झोपवायचंही नाही, खाली न्यायचं. तीनशे ते हजार मीटर उतरलं तरी फरक पडतो. खिंड ओलांडायचा बेत तिथेच बाद झाला आणि माझ्या तंबूचाही. उतार फक्त मागे होता : पुगा, सुमडो, माहे, सिंधूकाठ.

इस्लामपूरकरांची गाडी धडधाकट होती. दाजींना तिच्यात बसवून लगेच खाली पाठवायचं ठरलं. दार उघडलं, तर मागच्या सीटवर जागा नव्हती. आमच्याच गाडीत मावलं नाही ते अंथरूण-पांघरूण, ती दुसरी ताडपत्री, बिस्किटांचा खोका, सगळं तिथे कोंबलं होतं. आजारी माणूस बाहेर दगडावर बसलाय आणि आम्ही पाच मिनिटं त्याला बसायला जागा करतोय. पाटा तुटण्यापेक्षा मला ही पाच मिनिटं जास्त लागली.

गाडी अडीचला निघाली. मित्र चालवायला, भाचा दाजींवर लक्ष ठेवायला. फोन तिथे नव्हताच, म्हणून भेटायची जागा आधी नक्की केली : चुमाथांग. रात्री आठपर्यंत आम्ही आलो नाही तर आम्हाला शोधत वर यायचं नाही, माहेच्या पुलावर तेव्हा परवाने तपासायचे त्या चौकीत सांगायचं. दोन गाड्यांनी एकमेकींना सोडू नये असं सगळे सांगतात. इथे सोडणं भाग होतं, पण वेळ आणि जागा न ठरवता सोडलं असतं तर तो मूर्खपणा झाला असता.

पोळपाट

खालून एक ट्रक आला. ड्रायव्हर लडाखी, पन्नाशीचा. त्याने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि एकच गोष्ट सांगितली : आधी सामान उतरवा. सगळं. मी आणि इस्लामपूरचा दुसरा मित्र, आम्ही ते उतरवायला लागलो. पाच मिनिटं काम, दोन मिनिटं दम. सगळं माळावर मांडल्यावर लग्नघरासारखं दिसत होतं. तासाभरात जीप वीतभर वर आली.

मग डिझेल. मागे 25 लिटर टाकीत ओतलं. तेवढं वजन टपावरून खाली, दोन चाकांच्या मधे आलं. मित्रांच्या गाडीत निघण्याआधीच 15 घातलं होतं. उरलेला एक कॅन ड्रायव्हरला दिला. पाण्यातलं दहा लिटर ठेवलं, बाकी ओतलं.

जॅकखाली यावेळी वाळूची जाळी दुमडून घातली. चाक काढलं. ॲक्सलला साखळी गुंडाळून ती पुढच्या हँगरला, म्हणजे पाट्याचं टोक चासीला धरतो त्या लोखंडाला, अडकवली आणि रॅचेटच्या पट्ट्याने ॲक्सल दाताने दाताने पुढे ओढून जागेवर आणला. तुटलेल्या जागी वर-खाली टायर काढायच्या दोन पहारी लावून, मोडलेलं हाड बांधतात तशा, ट्रकमधल्या दोन क्लँपांनी आवळल्या. राहिला प्रश्न वजनाचा. ॲक्सल आणि चासीच्या मधे लाकडाचा ठोकळा हवा, म्हणजे डावी बाजू बसणार नाही. आणि त्या अख्ख्या खोऱ्यात झाड नाही. झुडूप आहे ते बोटाएवढं. आपल्याकडे कुठेही गाडी बंद पडली की बांधावरची बाभळ असते. तिथे दगड आहेत, पण दगड फुटतो किंवा निसटतो.

बाभळ आमच्या शिध्याच्या पेटीत होती. पोळपाटाचे तीन पाय हातोडीने उडवले, ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खाली-वर घातला आणि तो ॲक्सलवर ठेवून पट्ट्याने घट्ट बांधला. मापात बसला, असं म्हणणार नाही. बसवला.

मग निघालो, कच्च्यावर ताशी पंधराने. ट्रक माहेपर्यंत मागे राहिला, दुसरी स्टेपनी आणि आमच्या दोन पेट्या त्याच्या हौद्यात. दर दोन-तीन किलोमीटरला उतरून पट्टा आवळायचा. सुमडो ते माहे ओढ्याकाठचा उतार, माहेला डांबरी रस्ता. चुमाथांगला पोहोचलो तेव्हा आठला दहा कमी होते. दाजी बसून गरम पाणी पीत होते. डोकं उतरलं होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, 'पोळपाट कुठाय?' कोणीतरी आधीच सांगितलं असणार, असं मला वाटलं. पण नाही, भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाकाठाने लेह. तिथे दाजींना डॉक्टरांना दाखवलं. गॅरेजवाल्याने दुसऱ्या गाडीचा पाटा कापून, भोक पाडून बसवला. पाट्याला वेल्डिंग करून चालत नाही, पोलाद त्या जागी ठिसूळ होतं. त्याने ते विचारलंही नाही. जादा पाटे मात्र काढून हातात दिले आणि क्लिपा बसवल्या.

तुटलेलं तोंड

घरी आणलेल्या तुकड्याकडे या आता. तोंडाचा साधारण दोन तृतीयांश भाग काळपट-तांबूस, गुळगुळीत, त्यावर ओढ्याच्या काठावर पाणी उतरताना राहतात तशा बारीक वक्र रेघा. उरलेला तिसरा भाग चकचकीत, दाणेदार, फोडलेल्या साखरेसारखा. पोलाद थकून तुटतं तेव्हा असंच दिसतं. गंजलेला भाग म्हणजे हळूहळू वाढलेली चीर. रेघ न् रेघ तिच्या पुढे सरकण्याची खूण. दाणेदार भाग म्हणजे शेवटचा झटका. पन्हळी रस्त्याने फक्त तो तिसरा हिस्सा तोडला.

चीर तिथेच का, याचं उत्तर जादा पाट्यात आणि काढलेल्या क्लिपांत आहे. चाक वर जातं तेव्हा सगळे पाटे मिळून भार घेतात. चाक खाली पडतं तेव्हा खालचे पाटे सुटे होऊ पाहतात आणि क्लिपा त्यांना मेन पाट्याशी धरून ठेवतात. क्लिपा नसतील तर खाली येतानाचा सगळा झटका एकट्या मेन पाट्यावर. त्यात आम्ही घातलेला पाटा ताठ आणि आखूड. त्याचं टोक जिथे संपत होतं, बरोबर त्याच्या पुढे मेन पाटा वाकत होता, आणि तिथेच तो तुटला. टोक मेन पाट्यावर घासल्याची चकाकी अजून दिसते. वजन झेपत नाही हे गाडी सांगत होती, आणि आम्ही तिचं तोंड बंद केलं होतं.

मिस्त्रीला तुकडा दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'तुम्ही वजन किती ते सांगितलं नव्हतं.' खरं होतं. आम्हालाच माहीत नव्हतं.

म्हणून होतं तसं सगळं परत भरलं, अगदी कॅनमध्ये डिझेल-पाण्यासकट, आणि तिघे बसून वजनकाट्यावर गेलो. काट्यावर आमच्या पुढे खडीचा डंपर होता. आमचा आकडा आला 2,530. गाडीच्या पत्रीवर कमाल भाराचा आकडा 2,350. म्हणजे 180 किलो जास्त, आणि एकूण सामानातलं 190 टपावर. चालत्या गाडीच्या टपावर 75 ते 100 किलोच्या वर घालू नका, असं बहुतेक कंपन्या सांगतात. आम्ही त्याच्या जवळजवळ दुप्पट घेऊन हिमालयातल्या खिंडी चढलो होतो.

पुढची सहल 2022 च्या सप्टेंबरात, स्पितीला. त्या खेपेला यादी वहीत केली आणि प्रत्येक ओळीपुढे वजन लिहिलं. फ्रीज आणि त्याची बॅटरी गेली, विंच उतरवला, दुसरी स्टेपनी गेली, डिझेलचा एकच कॅन आणि तोही मागच्या दाराबाहेर. पाण्याचा एक. टपावर फक्त तंबू आणि ताडपत्री. कॉम्प्रेसर चालकाच्या सीटखाली. मुक्कामांपुढे उंची लिहिली आणि एक दिवस कुठेच न जाण्याचा ठेवला. त्यावरून रजेचं भांडण झालं, ते झालंच. चाळकेवाडीला गेलो ते सगळं भरून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काट्यावर आकडा आला 2,320. काटेवाल्याने पावती फाडून दिली. दाजींनी ती चष्मा लावून वाचली.

'यात पोळपाट धरलाय न्हवं?'

धरला होता. नवा, सव्वा किलोचा, बाभळीचाच. पाय आधीच काढून आणला होता त्यांनी.